शिक्षा त्याला झाली आहे, तुला नाही

पोरी, नवऱ्याला जन्मठेप झाली की लग्न आपोआप सुटतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं होत नाही. तो कितीही वर्षं आत राहिला तरी कागदोपत्री तू त्याची बायकोच. कोर्टाच्या आवारात आयुष्य घालवलेल्या बाईचे हे चार शब्द गाठीला बांध.

आधी लग्न कुठल्या कायद्याखाली झालं ते बघ. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल, तर जोडीदार सात वर्षांची किंवा जास्त शिक्षा भोगतोय, एवढं कारण घटस्फोटाला पुरतं. मुसलमान बाईला १९३९ च्या कायद्यानं असाच हक्क आहे, पण शिक्षा अंतिम झालेली असावी लागते.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मात्र नुसता तुरुंगवास हे कारण नाही. ‘मला टाकून गेला’ हेही चालत नाही, कारण तो मर्जीनं गेलेला नाही. तिथं मानसिक क्रूरता मांडावी लागते. त्याच्या गुन्ह्यानं तुझ्यावर, मुलांवर काय गुदरलं ते तारीखवार लिहून काढ. फौजदारी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोड. लग्नानंतर त्यानं बलात्कार केलेला असेल, तर ते बायकोसाठी वेगळं कारण आहे. तो अजून कच्चा कैदी असेल, तर नुसत्या आरोपावर भिस्त ठेवू नकोस.

अर्ज तू राहतेस तिथल्या कौटुंबिक न्यायालयात करता येतो. त्याचं समन्स तुरुंगाच्या अधीक्षकामार्फत बजावलं जातं. कुणी ‘पत्ता ठाऊक नाही असं लिहू, लवकर निकाल लागेल’ म्हणालं तर ऐकू नकोस. फसवून मिळवलेला हुकूम पुढं रद्द होतो.

वकिलाच्या पैशांसाठी दागिने मोडू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कैद्यालाही मिळतो, म्हणजे त्याचीही बाजू कुणीतरी मांडेल. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या दाव्यात बाईला कोर्ट फीही माफ आहे.

जमलं तर एकदा तुरुंगात मुलाखतीला जाऊन त्याच्याशी शांतपणे बोल. तो राजी असेल तर संमतीचा मार्ग सोपा. अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. पण तुरुंगातून स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी आणून ‘झालं’ म्हणू नकोस. त्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलंस, तर गुन्हा तुझ्या अंगावर येईल.

स्त्रीधन तुझंच; त्याची यादी आजच कर. त्याच्या नावावर घर, शेत असेल तर पोटगी माग. घटस्फोटानं बायको म्हणून तुझा वारसाहक्क जातो, मुलांचा जात नाही. त्यांच्या नावाचे कागद जपून ठेव.

हुकूम हाती आला तरी अपिलाचे नव्वद दिवस जाऊ दे, मगच नव्या लग्नाचं बोलणं कर.

आणि एक. मुलांना बापाचा तिरस्कार शिकवू नकोस, त्यांना झेपेल तेवढं खरं सांग. त्याच्याबरोबर राहायचं ठरवलंस तरी तुला कुणी नावं ठेवू नयेत, सुटायचं ठरवलंस तरी ठेवू नयेत. ठरव मात्र तू, सासर-माहेरच्या बैठकीनं नव्हे.