सहा फुटांची किंमत

साउथॅम्प्टन-पोर्ट्‌समथ भागातल्या ओळखीच्या मराठी घरांत कुणी ना कुणी शिडाची जुनी बोट घ्यायचं मनावर घेतं, आणि पहिला प्रश्न येतो तो लांबीचा. सव्वीस फुटी घ्यावी की बत्तीस फुटी? आम्ही बोट शोधत होतो तेव्हा आमच्यासमोरही याच मापाच्या दोन होत्या. एक वेस्टर्ली सेंटॉर, सव्वीस फुटी. दुसरी कॉन्टेसा ३२. दोन्ही फायबरग्लासच्या, दोन्ही सत्तरच्या दशकातल्या.

कॉन्टेसाचं नाव मोठं आहे आणि ते तिने कमावलेलं आहे. डिझाइन डेव्हिड सॅडलर यांचं, बांधणी १९७१ पासून लिमिंग्टनला जेरेमी रॉजर्स यांच्या कारखान्यात. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा दर्यावर्दींचा जीव घेतला. निघालेल्या तीनशेहून अधिक बोटींपैकी बहुतेकींना शर्यत पुरी करता आली नाही. सर्वांत लहान बोटींच्या गटात शेवटपर्यंत पोचली ती एकच, ‘असेंट’ नावाची कॉन्टेसा ३२. आम्ही चाचणीसाठी सोलंटच्या सामुद्रधुनीत गेलो त्या दिवशी वारा नैर्ऋत्येचा होता आणि ओहोटी त्याच्यावर चालून जात होती, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. कॉन्टेसा एका अंगावर कलली आणि तशीच, न डगमगता, वाऱ्याच्या तोंडाशी चालत राहिली. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, माझ्या पत्नीच्या हातात होता. दोघंही चिंब भिजलो, पण भीती अशी वाटलीच नाही.

तरीही आम्ही ती घेतली नाही.

जाहिरातीत छापतात ती लांबी टोकापासून टोकापर्यंतची. पाण्याला टेकते ती लांबी वेगळी, आणि बोटीचा वेग तिच्या वर्गमुळावर ठरतो. कॉन्टेसाची टोकं पाण्यावर लांब झेपावलेली असल्याने तिची पाण्यातली लांबी चोवीस फूट. सेंटॉरची एकवीस फूट चार इंच. हिशेब केला तर सेंटॉरची वेगमर्यादा सुमारे ६.२ नॉट निघते, कॉन्टेसाची ६.६. वाऱ्याच्या विरुद्ध चढताना कॉन्टेसा सेंटॉरला सहज मागे टाकते, हे खरं. पण आत केबिनमध्ये उतरलात की बत्तीस फूट गेले कुठे असं वाटतं, कारण बोट अरुंद आहे. सेंटॉर रुंदीला तिच्याहून फक्त फूटभर कमी, आणि आतली मोकळीक तिच्या मापाला आश्चर्य वाटावं अशी. मुलं बरोबर असली की पावसाच्या दिवशी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

आमचा निर्णय मात्र पाण्याच्या खोलीवर झाला. कॉन्टेसाचं कील, म्हणजे तळाखालचा जड पंखा, १.६८ मीटर खोल जातं, म्हणजे तिला ओहोटीतही पुरेसं पाणी राहील अशी जागा हवी. सोलंटमध्ये अशी मरिनातली जागा मीटरमागे वर्षाला शेकडो पौंडांना पडते, आणि मीटर मोजतात ते टोकापासून टोकापर्यंतचे. आम्ही आकडे मांडले तेव्हा दिसलं की पाच-सहा वर्षांत भाडंच बोटीच्या किमतीएवढं होईल. सेंटॉरला दोन कील, खोली जेमतेम ०.९ मीटर. एम्सवर्थसारख्या ठिकाणी ओहोटीला पाणी निघून गेलं की ती कोकणच्या खाडीतल्या होडीसारखी चिखलात बसते, आणि दोन पायांवर सरळ उभी राहते. बोट बांधून ठेवायच्या अशा जागेचा, म्हणजे मूरिंगचा, खर्च मरिनाच्या लहानशा भागाएवढा. वर तळ घासायला, रंगवायला दर वेळी क्रेन बोलवावी लागत नाही. कडक जमिनीवर दोन भरत्यांच्या मधल्या वेळात काम होतं.

वजनाचाही विचार करा. सेंटॉर तीन टन, कॉन्टेसा चार टनांहून जास्त. नांगर, दोर, शिडं सगळंच त्या प्रमाणात जड. आडवा वारा असताना धक्क्याला लागायचं, तेव्हा हा फरक दोर धरणाऱ्याच्या हातांना कळतो.

आता सावधगिरीचा भाग. ती पहिली सेंटॉरही आम्ही सोडली. १९६९ ते १९८० या काळात चोवीसशेहून अधिक सेंटॉर बांधल्या गेल्या आणि सुरुवातीच्या बोटींत कील जोडलेल्या जागी तळ लवतो, हे जाणकारांना माहीत आहे. त्या बोटीतही कीलच्या मुळाशी केसासारख्या भेगा होत्या. विकणाऱ्याचं म्हणणं, रंग तडकलाय. आमच्या सर्व्हेअरने बोट वर उचलायला लावली, आतल्या फळ्या काढल्या, आणि बोल्टांभोवती ओल दाखवली. रंगाचा त्यात काही संबंध नव्हता. कॉन्टेसाला हा धोका नाही, कारण तिचं वजनासाठीचं शिसं तळाच्या फायबरग्लासच्या आतच बसवलेलं असतं. पण डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा कधी बदलल्या याचा कागद तिच्या फाइलमध्ये सापडला नाही. तारा दहा-पंधरा वर्षांहून जुन्या असल्या की विमा कंपन्या बऱ्याचदा त्या बदलायला लावतात, आणि तो खर्च बोटीच्या मापाबरोबर वाढतो.

म्हणून सर्व्हेअर स्वतः निवडा, स्वतः पैसे देऊन नेमा. विकणाऱ्याने पुढे केलेला जुना अहवाल कितीही चांगला असो, तो ज्याने करून घेतला त्याच्यापुरताच सर्व्हेअर बांधील असतो. ठेव देताना ‘सर्व्हे आणि सागरी चाचणीच्या अधीन’ हे शब्द करारात आहेत ना, ते पाहा. आधीच्या खरेदीखतांची साखळी आणि व्हॅट भरल्याचा पुरावा मागा. स्मॉल शिप्स रजिस्टरवरची नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे.

शेवटी आम्ही दुसरी सेंटॉर घेतली. तिची कीलची जागा आधीच्या मालकाने आतून मजबूत करून घेतली होती आणि कामाची बिलं जपून ठेवली होती. सोलंट, वाइट बेट, चिचेस्टर, पूल एवढ्यात सुट्ट्या घालवणाऱ्या कुटुंबाला ती पुरेशी आहे. बिस्केचा उपसागर ओलांडायचा बेत पक्का असेल आणि खोल पाण्यातली जागा परवडत असेल, तर कॉन्टेसाच घ्या. पण कुठलीही बोट बघायला निघण्याआधी जवळच्या बंदर कार्यालयाला फोन करा आणि मूरिंगची प्रतीक्षायादी किती लांब आहे ते विचारून घ्या.