आधी मे, मग जुलै

आम्ही बडोदा सोडून पोलादपूरच्या डोंगरात राहायला आलो, तेव्हापासून लोक विचारत असतात. बडोद्यातले जुने शेजारी, सुरतेचे एक निवृत्त अभियंते, ठाण्याची माझी मावसबहीण. सगळ्यांचा प्रश्न एकच: तिकडे चार-पाच गुंठे मिळतील का? मी आधी उलट विचारते, गाव पाहिलंत ते कोणत्या महिन्यात? उत्तर ऑक्टोबर ते जानेवारीच्या बाहेर सहसा जात नाही. तेव्हा भाताची कापणी चाललेली किंवा नुकती उरकलेली असते, ओढ्यांना पाणी असतं, पहाटे धुकं उतरतं. त्या दिवसांत इथलं कुठलंही गाव आवडतं. पण जागा ठरवायची असेल तर एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत येऊन आठवडाभर मुक्काम करा. पैशांचं बोलणं त्यानंतर.

मे महिना पाण्यासाठी. या तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मेमध्ये इथल्या कितीतरी वाड्यांची टँकरकडे नजर लागलेली असते. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उभा उतार. पडलेलं पाणी मुरत नाही, धावतं, आणि सावित्रीतून थेट बाणकोटच्या खाडीला मिळतं. उरतो तो झरा. आमच्या वाडीत मेमध्ये बायका पहाटे उठून डवऱ्यावर, म्हणजे झऱ्याशी खणलेल्या खड्ड्यावर, जातात, वाटीवाटीने पाणी जमा होण्याची वाट पाहतात आणि दोन हंडे घेऊन चढण चढतात. जागा दाखवणारा माणूस नळाकडे बोट दाखवतो. नळ असतोही. पण त्याला पाणी कुठून येतं, ती विहीर कुणाच्या जमिनीत आहे, वीज गेली की पंपाचं काय होतं आणि गेल्या मेमध्ये तो किती दिवस कोरडा होता, हे वाडीतल्या बायकांना विचारावं. पाणी त्या भरतात, म्हणून त्यांचं उत्तर खरं असतं. बोअर मारू, असं म्हणून विषय सोडून देऊ नका. कातळात पाणी लागेलच याची हमी कोणी देत नाही, आणि खणण्याचा खर्च मात्र पुरा द्यावा लागतो. आम्ही छपराचं पाणी टाक्यांत साठवतो. दिवाळीनंतर काही आठवडे ते धुण्याभांड्याला पुरतं, त्यापुढे आम्हीही डवऱ्यावरच.

जुलै डोंगरासाठी. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण जीव जातो तो इथे.

22 जुलै 2021 ला आम्ही गावातच होतो. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते, त्यामुळे तिकडचं पाणी पोलादपूरवरून महाडकडे उतरलं. महाडची बाजारपेठ बुडाली, लोक माड्यांवर अडकले. त्याच दुपारी महाड तालुक्यात तळिये गावच्या वाडीवर कडा कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर गावची सुतारवाडी इथेही दरड घरांवर आली. आमच्या वाडीत एकही माणूस दगावला नाही, आणि त्याचं कारण दैव नव्हतं. गुरं घेऊन वर जाणाऱ्या एका आजोबांनी सकाळीच वाडीच्या माथ्यावर जमिनीला पडलेली भेग पाहिली होती. अंधार पडायच्या आत सगळ्यांनी सपाटीवरच्या शाळेत जायचं, असं त्यांनी घराघरांत जाऊन सांगितलं. आम्ही म्हटलं, आमचं घर तर काँक्रीटचं आहे. शेजारच्या आजी माझा हात धरून म्हणाल्या, "काकू, घर पक्कं असंल, वरचा डोंगर पक्का हाय का?" आम्ही निघालो. रात्री ओढ्याच्या बाजूचा उतार दगडमातीसकट खाली आला आणि दोन गोठे गाडले गेले. गुरं आधीच सोडलेली होती. नंतर कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइल मुके होते आणि रस्ता जागोजाग तुटलेला.

इथल्या लोकांना हे नवं नाही. 25 जुलै 2005 ला दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या महाडच्या गावांवर अशाच दरडी आल्या होत्या आणि माणसं घरांसकट गाडली गेली होती. पावसाने माती जड होते, खालच्या खडकावरची पकड सुटते आणि उतार घसरतो. त्यात रस्त्यासाठी नाहीतर बंगल्याच्या सपाटीसाठी जेसीबीने डोंगराचा पाया कापलेला असेल, तर वरच्या भाराला आधारच उरत नाही. दरीचा देखावा मिळावा म्हणून उताराच्या कुशीत सपाट करून विकलेले प्लॉट मला म्हणूनच भिववतात.

जागा पाहायला गेलात की दरीकडे नंतर बघा, आधी पाठ फिरवून वर बघा. झाडं, विजेचे खांब, कुंपणं एकाच दिशेला कललेली आहेत का? घरांच्या भिंतींना तिरक्या चिरा आहेत का? मोठमोठे धोंडे शेतात सुटे पडलेले असतील तर ते वरूनच आलेले आहेत. ओढ्याची जुनी वाट भर घालून बुजवलेली नाही ना, हे म्हाताऱ्यांना विचारा. पावसाळ्यात स्वच्छ झरा एकाएकी गढूळ झाला, आटला किंवा भलत्याच ठिकाणी पाणी फुटलं, तर पंचनाम्याची वाट न पाहता बाहेर पडा.

रस्ते हाही जुलैचाच विषय. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाड आणि पोलादपूरमधला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस जण गेले. आंबेनळी काय, वरंधा काय, पावसाळ्यात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. जूनच्या आत तांदूळ, डाळ, औषधं आणि गॅस भरून ठेवणं ही इथली रीतच आहे.

आता जमीन. ज्याच्या नावावर शेतजमीन नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहज विकत घेता येत नाही. 1948 च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम 63 आड येतं. परवानगी मिळवून देतो असं सांगून कोणी आगाऊ रक्कम मागितली तर ती देऊ नका. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना ओळ न् ओळ वाचा. तिथे वनाचा शेरा असेल तर 1975 च्या खाजगी वने कायद्याचं प्रकरण असू शकतं, आणि त्या जमिनीवर घर बांधायचा विचारही करू नये. गावठाणातलं घर घ्यायला शेतकरी असावं लागत नाही, पण ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा मालकी सिद्ध करत नाही. तो घरपट्टीपुरता.

आम्ही एक गावठाणातलं घर पाहून बयाणा दिला होता. विकणाऱ्याने सांगितलं, घर माझ्या एकट्याचं. गणपतीत त्याचे दोन भाऊ आणि एक बहीण लालबागहून आले आणि आमच्या अंगणात बसून शांतपणे म्हणाले की, आम्हाला काही विचारलेलंच नाही. त्यांचं बरोबर होतं. त्या घरात त्यांचा जन्म झाला होता. व्यवहार मोडला, बयाण्याचा काही भाग परत आला, काही नाही. त्यानंतर आम्ही भाड्याने राहतो आणि त्यात मला काही कमी वाटत नाही. इथल्या प्रत्येक घराचे निम्मे वारस मुंबईत असतात. गावाचे निर्णयही शिमग्यात आणि गणपतीत, चाकरमानी आले की होतात. म्हणून मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाशी बोलल्याशिवाय आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या तहसीलच्या गावी समोरासमोर झाल्याशिवाय पैसा हलवू नका.

गावकीची वर्गणी पहिल्याच वर्षी, मागायच्या आधी द्या. पालखी दारात येते तेव्हा घरात असा. तरवा काढायच्या, लावणीच्या दिवसांत कोणाला कामाला बोलावू नका, उलट त्यांच्या आवणात चहा घेऊन जा. ही माणसं रात्री दार वाजवून तुम्हाला शाळेत नेणार आहेत.

दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांनी कागदांची कामं लवकर उरकावीत. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल तर गुजरातच्या आरटीओचं ना-हरकत पत्र घेऊन नोंदणी बदलावी लागते. अधिवास दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं, तेव्हा त्याच्या भरवशावर काही आखू नका.

शेवटी दवाखाना. फुरसं आणि घोणस इथे नेहमीची. विंचू लाल असेल तर तोही जीव घेऊ शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना यावरच अभ्यास सुरू केला आणि प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून मृत्यूचं प्रमाण प्रचंड खाली आणलं. 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर मंत्रतंत्रात किंवा घरगुती उपायांत मिनिटभर घालवू नका. सर्पदंशातही पट्टा आवळणं, चिरा देणं टाळा, हातपाय स्थिर ठेवून निघा. माझ्या यजमानांना हृदयाचा त्रास आहे, म्हणून येण्याआधी आम्ही हिशेब केला होता: वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत डोलीने किती वेळ, तिथून पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत किती, महाडपर्यंत किती, आणि पुढे पनवेलला किती. हा हिशेब जुलैतल्या रात्रीचा करा, वीज आणि फोन दोन्ही बंद आहेत असं धरून. गावात जीप कोणाची आहे, ती रात्री चालवेल कोण, डोलीला खांदा देणारी चार माणसं गणपती सोडून एरवी गावात असतात का, हे विचारून घ्या. आमच्या वाडीत पावसाळ्यात धडधाकट पुरुष मोजकेच उरतात, म्हणून आता जून ते सप्टेंबर आम्ही महाडमध्ये पुराच्या रेषेच्या वर एक खोली घेऊन राहतो.