कूलर घ्यावा की चाकांवरचा एसी?



उन्हाळ्यात घरच्या म्हाताऱ्या माणसांचे व लेकरांचे हाल होतात. यंत्र घ्यायचेच, तर समजून घ्यावे.

कारखान्यात रसातील पाणी आटवण्यास वाफेची उष्णता द्यावी लागते. कूलरमधले पाणी हीच उष्णता हवेतून घेते, म्हणून वारा गार लागतो. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत हे छान जमते. पावसाळी दमट हवेत मात्र नुसती चिकचिक! कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावी.

चाकांवरचा एसी दमट हवेतही चालतो. पण खोली बंद हवी आणि गरम हवेची नळी बाहेर काढलीच पाहिजे. नाहीतर खोली उलट तापते.

आता विजेचा हिशेब. २०० वॅटचा कूलर आठ तासांत १.६ युनिट घेतो. १२०० वॅटचा एसी सलग चालला तर ९.६ युनिट.

घेण्याआधी भर दुपारी तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घाला. पारा १० अंश वा अधिक उतरला, तर कूलर पुरे. ५ अंशही उतरला नाही, तर कूलरचे पैसे वाया जातील.

आणि हो, कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून, घासून कोरडी करा. डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.