वाटेवरचा विसावा

सोयाबीनची मळणी आटोपली, कपाशीची बोंडे उकलू लागली आणि पहाटेच्या वाऱ्यात गारवा आला, म्हणजे वाशीम जिल्ह्यातील गावागावांत दिवाळीची चाहूल लागते. घरे सारवली जातात, भिंतींना रंग चढतो, फराळाच्या कढया चुलीवर बसतात आणि घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे रस्त्याकडे लागतात. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील अनेक तरुण नोकरीधंद्यानिमित्त नागपूर, पुणे, ठाणे, मुंबई अशा शहरांत राहतात. दिवाळीला जोडून शनिवार-रविवार आला, की त्यांना चार-पाच दिवसांची सुटी मिळते. मग मुलेबाळे, कपडेलत्ते आणि खाऊचे डबे घेऊन ते गावाची वाट धरतात.

आप्तेष्टांच्या भेटीची ही ओढ काही नवी नाही. पूर्वी दिवाळी जवळ आली, की सासुरवाशिणीला माहेरच्या मुळाचे वेध लागत. भाऊ किंवा घरचे दुसरे कोणी तिला नेण्यासाठी येई. त्याला मुराळी म्हणत. मुराळी दमणी जुंपून पहाटेच निघे. बैलांच्या गळ्यातील घुंगरांचा नाद लांबून कानी आला, की ती माहेरवाशीण हातातले काम टाकून दाराशी धावे. परतीच्या प्रवासात ऊन चढले, म्हणजे अडाण किंवा पैनगंगेच्या काठी, नाहीतर एखाद्या गर्द कडुनिंबाखाली दमणी थांबे. बैल सोडले जात. त्यांना पाणी पाजून पुढे वैरण टाकली जाई. मग शिदोरीचे गाठोडे सुटे आणि बहीणभाऊ सावलीत बसून भाकरी खात.

हा विसावा मनुष्याच्या शहाणपणातून येत होता, असे मात्र नाही. घरी लवकर पोहोचावे, असे मुराळ्यालाही वाटे. पण बैल थकत. थकलेला बैल आसूड उगारला तरी पाऊल उचलीत नाही. म्हणून धन्याला थांबावेच लागे. प्रवासाचा वेग आणि विश्रांतीची वेळ ही दोन्ही बैलच ठरवीत असत.

ज्यांचा प्रवास हाच व्यवसाय होता, त्यांनाही हा नियम चुकला नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला तेथे दूरदूरच्या प्रांतांतून बंजारा समाजातील लोक एकत्र येतात. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत. मजल मारून झाली, की ओझी उतरवीत आणि मुक्काम करीत. त्यांच्या वस्तीला आजही तांडा म्हणतात. मजल आणि मुक्काम या दोहोंनी मिळूनच त्यांचा प्रवास पुरा होत असे.

पुढे रेल्वे आली. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी लोक कौतुकाने ‘शकुंतला’ म्हणून ओळखत. तिची प्रवासी वाहतूक आता बंद झाली आहे. अकोला–पूर्णा मार्गावरील वाशीम स्थानकातून जाणारे लोहमार्ग २००८ साली रुंद झाले. गावोगावी एस. टी.च्या गाड्याही धावू लागल्या. या वाहनांना बैलांसारखा थकवा नव्हता. तथापि गाडी हाकण्याचे काम वेगळ्या माणसाकडे होते. प्रवासी खिडकीशी डोके टेकून खुशाल झोपी जाई.

आता याहून मोठे स्थित्यंतर घडले आहे. नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इगतपुरी ते ठाणे जिल्ह्यातील आमणे हा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजी खुला होऊन मार्ग पूर्ण झाला. इगतपुरीजवळ डोंगर पोखरून सुमारे आठ किलोमीटर लांबीचा बोगदा काढलेला आहे. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. ठाण्याहून निघालेले कुटुंब शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा आणि मेहकर ही गावे बाजूला टाकीत मालेगावला उतरते आणि तेथून वाशीमला येते. पूर्वी ज्या प्रवासात सारा दिवस किंवा सारी रात्र मोडत असे, तो आता काही तासांत होतो. दूरची मुले घराच्या जवळ आली, हा या रस्त्याचा मोठाच उपकार होय.

परंतु या सोयीबरोबर एक जबाबदारीही आली आहे. शुक्रवारी कुटुंबप्रमुख दिवसभर कचेरीत काम करतो. सायंकाळी घरी येऊन सामान बांधतो आणि सुटीचा एक तासही वाया जाऊ नये म्हणून रात्रीच मोटार काढतो. मुले मागच्या आसनावर झोपतात. गावाकडे आजी जागी असते. तिला राहवत नाही. ती दूरध्वनीवरून विचारते, “कुठवर आलात रे बाबा?” हा प्रश्न मायेचा असतो. पण तो ऐकताच चालवणाऱ्याचा पाय नकळत वेग वाढवतो. मोटार थकत नाही. थकतो तो माणूस. आणि त्याला अडवणारा बैल आता कोठेच नाही.

महामार्ग सरळ आणि एकसारखा असतो. मध्ये गाव लागत नाही, चौक लागत नाही, समोरून बैलगाडी येत नाही. एकच एक दृश्य दीर्घकाळ पाहत राहिल्याने मनाची सावधता मंदावते. डोळे उघडे असूनही लक्ष नाहीसे होते. त्यातच मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत आणि दुपारी जेवणानंतर मनुष्यदेहाला स्वभावतःच झोप अनावर होते. आता साधे गणित करून पाहावे. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ३३ मीटर अंतर कापते. चालवणाऱ्याचा डोळा तीन सेकंद लागला, तर मोटार १०० मीटर अंतर कोणाच्याही ताब्यावाचून धावते. झोपेत बैलगाडीवाल्याच्या हातून कासरा सुटला, तरी ओळखीच्या वाटेवरून बैल त्याला घरी नेत. मोटारीला घराची वाट ठाऊक नसते.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ याच महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेल्या एका बसला अपघात होऊन ती पेटली. तीत २५ प्रवाशांचा अंत झाला. प्रत्येक प्रवाशाची कोणीतरी वाट पाहत होते. त्या आकड्याकडे पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये.

मनुष्याच्या थकव्याचा विचार कायद्यानेही पूर्वीच केला होता. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली संसदेने कायदा केला. सलग पाच तासांहून अधिक काम देऊ नये, त्यानंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावी आणि दिवसाचे काम सामान्यतः आठ तासांहून अधिक नसावे, असे त्यात ठरवले होते. हा नियम पगारी चालकांसाठी होता. स्वतःच्या मोटारीतून स्वतःच्या मुलांना गावी नेणाऱ्या पित्याला असा नियम घालून देणारा कोणी नाही. त्याचा नियम त्यानेच करावयाचा असतो.

तो नियम फारसा अवघड नाही. दिवसभराच्या श्रमानंतर रात्री निघण्याऐवजी पुरती झोप घेऊन पहाटे निघावे. निघण्यापूर्वी चाकांचे टायर आणि त्यांतील हवा तपासावी. झिजलेला टायर सततच्या वेगाने तापून फुटण्याचा संभव असतो. पुढे-मागे बसलेल्या सर्वांनी पट्टे बांधावेत. दर दोन तासांनी थांबावे. मात्र रस्त्याच्या कडेला नव्हे, तर थांब्याच्या नेमलेल्या जागी किंवा महामार्ग सोडून बाहेर. पापण्या जड होऊ लागल्या, तर गाणी लावून झोप घालवण्याचा प्रयत्न करू नये. गाडी थांबवून थोडी झोप घ्यावी. झोपेवर झोप हाच उपाय आहे.

घरी वाट पाहणाऱ्यांचाही यात वाटा आहे. “कुठवर आलात?” असे वारंवार विचारण्यापेक्षा “सावकाश या, आम्ही जागे आहोत,” एवढेच आजीने म्हटले, तर चालवणाऱ्याच्या मनावरील ओझे उतरते. शेजारी बसलेल्याने त्याच्याकडे लक्ष ठेवावे. “बाबा, आता थोडे थांबू या,” असे म्हणण्यात मुलांनी संकोच करू नये. बैलांनी पूर्वी जे काम मुक्याने केले, ते आता मुलांना बोलून करता येईल.

दिवाळीत भेटीला दोन तासांचा उशीर झाला, तर काय बिघडते? फराळ निवला तर पुन्हा वाढता येतो. भाऊबीजेचे निरांजन विझले तर पुन्हा लावता येते. बहीण ताट सावरून दाराशी उभी असते. तिला वेळेचा हिशेब नको असतो, तिला भाऊ हवा असतो. रस्ते कितीही रुंद होवोत आणि वाहने कितीही वेगवान होवोत, प्रवासाचे सार्थक सुखरूप पोहोचण्यात आहे. म्हणूनच वाटेवरचा विसावा हा घरच्या वाटेचाच एक भाग समजावा.

स्वाध्याय

१. मुराळी कोणाला म्हणत? तो माहेरवाशिणीला कसा घेऊन येई?
२. ‘प्रवासाचा वेग आणि विश्रांतीची वेळ ही दोन्ही बैलच ठरवीत असत.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. आजीच्या मायेच्या प्रश्नाचा चालवणाऱ्यावर कोणता परिणाम होतो?
४. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार चार सेकंदांत किती मीटर अंतर कापील?
५. पुढील शब्द वाक्यांत वापरा : शिदोरी, मजल, मुक्काम, आप्तेष्ट, स्थित्यंतर.
६. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीच्या दिवाळीच्या प्रवासाविषयी विचारा आणि ती माहिती दहा ओळींत लिहा.