पाच अनोळखी आणि एक राक्षस

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात २००९ पासून संगणकच पाच अनोळखी खेळाडूंचा गट जमवतो : मार अंगावर घेणारा ‘टँक’, जखमा भरून काढणारा ‘हीलर’ आणि वार करणारे तिघे.

समजा, भुयारातल्या ‘बॉस’पुढे प्रत्येकाची न चुकण्याची संभाव्यता ०.८ आहे आणि एकाच्याही चुकीने डाव बुडतो. मग पाचही जण न चुकण्याची संभाव्यता किती? ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.३३. तीन डावांत जेमतेम एक जय! चिडून सोबत्याला हाकलण्याआधी हा गुणाकार करून पाहा. लढाईपूर्वी दोन ओळींत डावपेच सांगून ०.८ चे ०.९ झाले, तर उत्तर ०.५९ येते. (एकाच्या चुकीने दुसरा गोंधळत नाही, असे येथे धरले आहे, प्रत्यक्षात तो गोंधळतोच.)

२०११ मध्ये पंचवीस अनोळखींचे गटही जमू लागले. तेथे ०.९ घेऊनही उरते अवघे ०.०७. त्यांच्यापुढचे राक्षस मुद्दाम सौम्य ठेवले गेले, यात नवल नाही.