अतिदक्षता विभागातील आपला माणूस

शेतावर औषध फवारताना विषबाधा झाली, साप चावला किंवा छातीत कळ आली की रोग्याला अतिदक्षता विभागात ठेवतात. दार बंद झाले तरी घरच्यांचे काम संपत नाही.

१. विषबाधा असल्यास औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना अवश्य दाखवावी. त्यावरून विष ओळखता येते.

२. श्वासाची नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, म्हणून रोग्याला बोलता येत नाही. गुंगीतही त्याला ऐकू येत असण्याचा संभव असतो. हात साबणाने धुवावेत, सिस्टरना विचारून त्याचा हात धरावा. आपले नाव, आजचा वार, घरची खुशाली हळू सांगावी. खाटेपाशी खर्चाची किंवा कर्जाची चर्चा नको.

३. न विचारता घोटभरही पाणी पाजू नये. ते फुप्फुसात जाऊ शकते.

४. डॉक्टरांशी घरातील एकानेच बोलावे, लिहून घ्यावे व इतरांना सांगावे. बाकीच्यांनी पाळीपाळीने जेवावे, झोपावे.

५. फादरांना वेळीच बोलवावे. तैलाभ्यंग हा केवळ मरणाऱ्यांचा संस्कार नव्हे, तो गंभीर आजाऱ्यांसाठी आहे. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा सुधारित विधी घालून दिला. त्यात कपाळाला व हातांना तेल लावतात. म्हणून ज्याला ख्रिस्तप्रसाद गिळता येत नाही, त्यालाही हा संस्कार मिळू शकतो.

शेजाऱ्यांनो, इस्पितळात गर्दी करण्यापेक्षा त्या घरच्या गुरांना वैरण घाला, धारा काढा, पिकाला पाणी सोडा. प्रार्थनेला अशा सेवेची जोड द्या.