मरीयेविषयीं आपण काय म्हणावें?

(शास्त्रपाठ : लूक १:२६-५६, योहान २:१-११, प्रेषितांचीं कृत्यें १:१४, १ तीमथ्य २:५)

ज्या मंडळ्यांतील तरुण पोटापाण्यासाठीं मुंबईस गेले आहेत, किंवा ज्यांच्या मुली वसईकडे दिल्या आहेत, त्या मंडळ्यांत मरीयेसंबंधाचे प्रश्न वारंवार निघतात. कोणी बांद्र्याच्या टेकडीवर मोतमावलीच्या जत्रेस जाऊन येतो, कोणाच्या घरीं नवी सून जपमाळ घेऊन येते, आणि मग शब्बाथ-शाळेंत शिक्षकास विचारतात, "हे लोक मरीयेला देव मानतात काय?" पुष्कळ शिक्षक "होय, मानतात" असें म्हणून मोकळे होतात. हें उत्तर सोपें आहे, पण खरें नाहीं. आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा, शेजारी रोमन कॅथॉलिक असला म्हणून रद्द होत नाहीं.

म्हणून प्रथम त्यांचें म्हणणें त्यांच्याच शिकवणीवरून समजून घेऊं. आराधना केवळ देवाची, हें त्यांची मंडळीही शिकविते. देवाच्या आराधनेस ते एक शब्द लावतात, संतांना द्यावयाच्या मानास दुसरा, आणि मरीयेचा मान संतांहून अधिक पण आराधनेहून अगदीं निराळा, म्हणून त्यास तिसरा. त्यांची "नमो मारिया" ही प्रार्थना पाहा. तिचा पूर्वार्ध बहुतेक लूकाच्या पहिल्या अध्यायांतलाच आहे : देवदूताचें अभिवादन (१:२८) आणि अलीशिबेचे उद्गार (१:४२). उत्तरार्धांत मरीयेला विनंति आहे ती ही कीं, तिनें पापी जनांकरितां आतां व त्यांच्या अंतकाळीं प्रार्थना करावी. जपमाळेंत ही प्रार्थना दहा दहा वेळां म्हणतात, आणि तेवढ्या वेळांत ख्रिस्ताचा जन्म, दुःखसहन व पुनरुत्थान यांसारख्या गोष्टींचें मनन करावें असा हेतु असतो. तो हेतु किती जणांच्या ध्यानीं राहतो हें निराळें. पण आपल्या प्रार्थनासभांत तरी सर्वांचें चित्त ठिकाणावर असतें काय?

"देवाची माता" या नांवानें आपले लोक दचकतात. देवाला आई कशी असेल? हा प्रश्न नवा नाहीं. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्तोरियस याला हें नांव पसंत नव्हतें. "ख्रिस्ताची माता" म्हणावें असें त्याचें मत होतें. ४३१ सालीं इफिस येथें भरलेल्या परिषदेनें तें मत अमान्य केलें. वाद दिसावयास मरीयेचा, पण खरा ख्रिस्ताचा होता. तिच्या उदरीं जो जन्मला तो स्वतः देव होता, कीं देव ज्याच्या ठायीं वसला असा केवळ एक मनुष्य होता? आपण पहिलें मानतों. तेव्हां या नांवाचा अर्थ मरीयेपासून देवाची उत्पत्ति झाली असा नसून, तिच्या मांडीवरचें बाळ खरोखर देव होतें असा आहे. मार्टिन लूथर देखील हें नांव मान्य करीत असे, आणि १५२१ सालीं त्यानें तिच्या स्तोत्रावर मोठ्या आदरानें विवरण लिहिलें. मराठी भाषेपुरतें बोलावयाचें तर आपले अमेरिकन मिशनरी मुंबईस आले ते १८१३ सालीं. त्याच्या जवळजवळ दोनशें वर्षें आधीं, १६१६ सालीं, फादर स्टीफन्स यांचें "ख्रिस्तपुराण" गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें होतें. येशूची व त्याच्या आईची कथा या भाषेनें प्रथम आपल्या तोंडून ऐकली असें नाहीं.

येशूचे भाऊ व बहिणी (मार्क ६:३) हीं मरीयेचींच मुलें होतीं कीं जवळचीं नातलग, यावर वाद घालण्यांत वेळ दवडूं नये. आपण बहुतेक पहिलें मानतों, ते दुसरें. कोणाचें तारण त्यावर अवलंबून नाहीं.

दोन गोष्टींत मात्र आपल्याला स्पष्ट नाहीं म्हणावें लागतें. १८५४ सालीं पोप नववे पायस यांनीं ठरविलें कीं, मरीया गर्भसंभवाच्या क्षणापासूनच मूळपापापासून अलिप्त होती. आणि १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं ठरविलें कीं, आयुष्याच्या अंतीं ती देहासहित स्वर्गीं घेतली गेली. त्यांच्या मंडळींत हे दोन्ही सिद्धांत बंधनकारक आहेत. पण मरीया तर देवाला आपला तारणारा म्हणते (लूक १:४७). यावर त्यांचें उत्तर असें कीं, तिचेंही तारण ख्रिस्ताच्याच पुण्याईनें झालें, फक्त आधींच झालें. हें उत्तर नीट ऐकून घ्यावें. परंतु जें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं तें मानलेंच पाहिजे, असें ओझें कोणाच्या विवेकावर घालण्याचा अधिकार आपण मान्य करीत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. कॅथॉलिक बंधु विचारतो, "तुम्ही आपल्या पाळकांना 'माझ्यासाठीं प्रार्थना करा' म्हणतां ना? मग प्रभूच्या आईला म्हटलें तर काय बिघडलें?" हें हसण्यावारीं नेऊं नये. पाळक आपल्यापुढें बसलेले असतात, आपलें ऐकतात. परंतु प्रभूमध्यें निजलेल्यांना आपण हाक मारावी अशी आज्ञा, किंवा ती हाक त्यांना ऐकूं जाते असें अभिवचन, आपल्याला शास्त्रांत आढळत नाहीं. मध्यस्थ एकच आहे असें पौल तीमथ्याला लिहितो, आणि आपण संकोच न धरतां देवाच्या कृपासनापाशीं जावें असें इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत आहे (४:१६).

आपल्या मनाला हें आमंत्रण जड जातें. कचेरींत साहेबाकडे काम असलें तर आधीं कारकुनाला भेटावें, आणि कारकुनाकडे जाण्यापूर्वीं त्याच्या घरच्या कोणाला तरी धरावें, असें आपण पिढ्यान् पिढ्या शिकलों. त्याच रीतीनें पुत्र कठोर, आई मऊ, म्हणून आईकडून पुत्राच्या कानावर घालावें, असा विचार मनांत शिरतो. हा प्रभूवर अन्याय आहे, आणि मरीयेवरही. काना येथील लग्नांत द्राक्षारस सरल्याचें तिनें पुत्राला कळविलें खरें. पण चाकरांना तिनें आपल्यापाशीं थांबविलें नाहीं. त्याच्या सांगण्याप्रमाणें वागावें असें त्यांना बजावून ती बाजूला झाली. रोमची शिकवणही याबाबतींत लक्षांत घ्यावी. १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें म्हटलें कीं, मरीयेला दिलेल्या पदव्यांनीं ख्रिस्त या एका मध्यस्थाच्या योग्यतेंत न्यून किंवा अधिक कांहीं होत नाहीं असेंच समजावें. आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत तेथील धर्मसिद्धांताच्या खात्यानें तिला "सह-उद्धारक" म्हणणें उचित नाहीं असें प्रसिद्ध केलें.

एक गोष्ट सांगितल्यावांचून लेखणी ठेववत नाहीं. एका मंडळींतील बाई, मूल आजारी असतां, शेजारणीबरोबर सप्टेंबरांतल्या बांद्र्याच्या जत्रेस गेली, आणि तेथें पुष्कळ लोक वाहतात तशी मुलाच्या आकाराची मेणाची बाहुली तिनें वाहिली. परत आल्यावर पंचांनीं तिला बोलावून जाब विचारला. तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवावें असेंही बोलणें निघालें. ती म्हणाली, "दादा, तुमचें शास्त्र खरें. पण दोन महिने माझें बाळ तापानें फणफणत होतें, तेव्हां मंडळींतलें एक माणूस माझ्या दारीं प्रार्थनेला आलें नाहीं. तेथें ओळख ना पाळख अशा एका म्हातारीनें माझ्या पाठीवर हात ठेवला." कोणी कांहीं बोललें नाहीं. वृद्ध पाळकांनीं वही मिटली आणि विचारलें, "बाई, मूल आतां कसें आहे?" त्या संध्याकाळीं ते व दोघे पंच तिच्या घरीं गेले. बाहुली वाहणें मला तेव्हां चुकीचें वाटलें आणि आजही वाटतें. पण मध्यस्थ एकच आहे असें जी मंडळी शिकविते, तिनें त्याच्या नांवानें त्या दारीं आधींच जावयास नको होतें काय?

शास्त्रांत मरीयेचें शेवटचें दर्शन यरुशलेमांतील माडीवर होतें. ती तेथें शिष्यांमध्यें बसून त्यांच्याबरोबर प्रार्थना करीत आहे. शिक्षकांनीं पुढील रविवारीं हा भाग वर्गांत वाचावा, आणि तिचें स्तोत्र (लूक १:४६-५५) स्त्रियांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. नाताळाखेरीज तें आपण सहसा उघडीत नाहीं. वाचन झाल्यावर मंडळींत कोण कोण आजारी आहे हें विचारावें व त्यांचीं नांवें लिहून घ्यावीं.